"गुरें राखशील!"

गणिताचें उत्तर चुकलें, कविता म्हणतां आली नाहीं किंवा शुद्धलेखनाची वही कोरी राहिली, कीं शिक्षकाच्या तोंडून एक ठराविक वाक्य बाहेर पडतें : "असाच राहिलास तर पुढें गुरें राखशील!" हें वाक्य आम्हीं लहानपणीं पुष्कळदां ऐकलें आणि, कबूल करावयास संकोच वाटतो, पण शिक्षक झाल्यावर तितक्याच वेळां उच्चारलेंही. त्यांत वाईट हेतु नसतो. मुलानें अभ्यास करावा, एवढीच इच्छा असते. परंतु ज्या मुलाचा बाप पहाटे चार वाजतां उठून धार काढतो आणि त्या दुधाच्या पैशांतून शाळेची फी भरतो, त्या मुलाच्या मनावर या वाक्याचा काय परिणाम होत असेल, याचा विचार आम्हीं फार उशिरां केला. आपल्या बापाचा धंदा ही एक शिक्षा आहे, असेंच तो शिकत असला पाहिजे.

या विषयावर लिहिण्यास आणखी एक कारण घडलें. दरवर्षीं दहावीचा निकाल लागला कीं दाखला नेण्यासाठीं पालक शाळेंत येतात. त्यांपैकीं कित्येकांचा प्रश्न अलीकडे सारखाच असतो : "सर, पोराला दहा गाई घेऊन द्याव्या म्हणतों. कर्ज मिळतंय. तुमचं काय मत?" कोणीं तरी भ्रमणध्वनीवर चित्रफीत पाहिलेली असते, तींत चकचकीत गोठा, धिप्पाड गाई आणि महिन्याच्या नफ्याचा मोठा आंकडा असतो. दुसऱ्या प्रकारचे पालक याच्या उलट म्हणतात : "आमचा जन्म शेणांत गेला, पोराचा तरी जाऊं नये." पहिल्यांना हा धंदा फार सोपा वाटतो, दुसऱ्यांना फार हलका. आमच्या मतें दोघेही चुकतात, आणि दोघांच्या चुकीचें मूळ एकच आहे : गुरें पाळण्यास विद्या लागत नाहीं, अशी दोघांचीही समजूत आहे.

प्रथम गोपालनाचे प्रकार पाहूं. कारण "गाई पाळणें" या दोन शब्दांत अगदीं निरनिराळे धंदे एकत्र कोंबले जातात. पहिला प्रकार आपल्या बहुतेक घरांतून दिसतो. शेती मुख्य, तिला जोड म्हणून एखादी गाय, एखादी म्हैस, आणि असल्यास बैलजोडी. शेतांतील कडबा जनावरांस, जनावरांचें शेण शेतास, आणि उरलेलें दूध डेअरीस, असें हें चक्र फिरतें. दुसरा प्रकार चराऊ कळपांचा. कच्छ-काठेवाडांतील मालधारी आणि आपल्याकडील गवळी हे गवताच्या व पाण्याच्या मागें जात आले. तिसरा प्रकार पैदाशीचा. सोलापूर, सांगली व सातारा जिल्ह्यांतील खिल्लार जातीचे पाळणारे उत्तम खोंड तयार करितात आणि खरसुंडीसारख्या यात्रांच्या बाजारांत ते विकतात. तेथें दुधापेक्षां चाल, शिंगें आणि बांधा यांना मोल असतें. चौथा प्रकार बंदिस्त दुग्धव्यवसायाचा : संकरित गाई किंवा जातिवंत म्हशी, बांधीव गोठा, विकतचें खाद्य आणि रोजची दूधविक्री. पांचवा प्रकार ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना व अमेरिकेंतील टेक्सास वगैरे प्रांतांतला. तेथें विस्तीर्ण कुरणांत हजारों जनावरें मुख्यतः मांसासाठीं वाढवितात. यांपैकीं आमच्याकडील पालक विचारतात तो चौथा प्रकार; पण त्यांच्यापाशीं साधनें असतात पहिल्या प्रकारचीं. बहुतेक फसगत येथेंच होते.

हा धंदा हलका नव्हे, हें सिद्ध करण्यास फार दूर जावयास नको. तरी एक दूरचें उदाहरण सांगतों. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतून व रशियांतून स्वस्त धान्य युरोपांत येऊं लागलें, तेव्हां डेन्मार्क देशांतील धान्य पिकविणारा शेतकरी अडचणींत आला. तो रडत बसला नाहीं. त्यानें धान्याऐवजीं दूध, लोणी व डुकराचें मांस यांकडे मोर्चा वळविला. 1882 सालीं येडिंग या खेड्यांत शेतकऱ्यांनीं मिळून पहिली सहकारी दूधशाळा काढली, आणि थोड्याच वर्षांत अशा शेंकडों संस्था निघाल्या. हें ज्या पिढीनें केलें तींतील पुष्कळ तरुण तेथील लोकविद्यालयांत शिकलेले होते, ही गोष्ट आम्हां शिक्षकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आपल्या देशांतील उदाहरण आणंदचें. 1946 सालीं खेडा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं दुधाच्या खासगी मक्तेदारीला कंटाळून त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढारीपणाखालीं आपला स्वतःचा संघ स्थापिला. 1949 सालीं तेथें आलेल्या व्हर्गीस कुरियन या तरुण इंजिनियरानें आपलें उर्वरित आयुष्य त्याच कामास वाहिलें. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाहीं असें परदेशीय तज्ज्ञ म्हणत. ती आणंद येथें हरिचंद दलाया यांनीं करून दाखविली. 1970 सालीं सुरू झालेल्या दूधमहापूर योजनेनें हाच नमुना देशभर नेला. 1998 पासून दूधउत्पादनांत भारत जगांत पहिला आहे, आणि 2023-24 सालीं देशाचें उत्पादन सुमारें 23.9 कोटी टन झालें. हें दूध मुख्यतः दोन-चार जनावरें बाळगणाऱ्या घरांतून येतें; चित्रफितींतील चकचकीत गोठ्यांतून त्याचा फार थोडा भाग येतो. मिशनच्या कॉलेजांत अर्थशास्त्र शिकविणारे सॅम हिगिनबॉटम यांनीं 1910 सालीं अलाहाबाद येथें शेतकीची संस्था काढली, आणि पुढें तेथेंच जर्सी व लाल सिंधी यांच्या संकरांतून 'जरसिंध' ही गाय तयार झाली. पुस्तकें शिकविणाऱ्या माणसानें गोठ्यांत पाऊल टाकणें हें कमीपणाचें नाहीं, याचा हा पुरावा आहे.

आतां धंदा सोपा आहे असें मानणाऱ्यांविषयीं. त्यांस आमचें पहिलें सांगणें असें कीं, गाय सर्वांत शेवटीं घ्यावी. आधीं पाणी, मग चारा, मग गोठा, आणि त्यानंतर गाय. बहुतेकजण नेमका उलटा क्रम धरितात. मोठी संकरित गाय दिवसाला 20 ते 25 किलो हिरवा चारा व 5-6 किलो कोरडी वैरण खाते. शिवाय शरीरपोषणासाठीं एक-दीड किलो आंबोण आणि दर अडीच-तीन लिटर दुधामागें आणखी एक किलो आंबोण तिला लागतें. उन्हाळ्यांत ती 80 लिटर किंवा त्याहून अधिक पाणी पिते. हें सर्व बाजारांतून आणावयाचें ठरलें, तर डेअरीच्या पैशांवर पहिला हक्क पेंडवाल्याचा राहील. म्हणून गाय आणण्यापूर्वीं सहा महिने मका, कडवळ, संकरित नेपियर, लसूणघास यांची लागवड करावी. पावसाळ्यानंतर चिकांत आलेला मका कुट्टी करून, दाबून, हवाबंद खड्ड्यांत किंवा पिशव्यांत मुरवावा. या मुरघासाची उपयुक्तता चैत्र-वैशाखांत कळते. आपल्या पठारावर अवर्षण हा पाहुणा नसून घरचाच माणूस आहे. 2012-13 आणि 2018-19 या वर्षीं चारा छावण्यांत जनावरांसह राहण्याची पाळी ज्यांवर आली, त्यांस हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

गोठ्याविषयीं थोडक्यांत सांगतों. खर्चाच्या इमारतीची गरज नाहीं. एका गाईस सुमारें 40 चौरस फूट छपराखालीं व त्याच्या दुप्पट उघडी जागा मिळाली, आणि ती मोकळी फिरूं शकली, तर ती बांधलेल्या गाईपेक्षां सुखी असते. तिचे खूर बरे राहतात आणि माजावर आल्याचेंही लवकर ध्यानांत येतें. उंच जागा, वाहती हवा, दुपारची सावली, कोरडी जमीन आणि सदैव भरलेला पाण्याचा हौद या पांच गोष्टी पुरेशा आहेत. भिंतीवरील रंगाचें गाईला कांहीं देणें-घेणें नाहीं.

गाय कोणती घ्यावी? याचें एकच उत्तर नाहीं. होल्स्टीन फ्रीजियनच्या संकरांतील गाय भरपूर दूध देते, पण ऊन तिला सोसत नाहीं व खाण्यांत हयगय चालत नाहीं. जर्सीच्या संकरांतील गाय आकारानें लहान, खाण्यास बेताची; तिचें दूध थोडें कमी पण स्निग्ध असतें. गीर व साहिवाल या आपल्या देशांतील दुधाच्या जाती. आपल्या महाराष्ट्रांतील डांगी इगतपुरी-अकोल्याच्या मुसळधार पावसांत टिकते. लातूरकडील देवणी दुधास व कामास दोहोंस उपयोगी. नांदेडकडील लाल कंधारी व वर्ध्याची गवळाऊ यांचे बैल कष्टाळू. म्हशींत पंढरपुरी ही कमी चाऱ्यावर निभावणारी, तर मुऱ्हा अधिक दूध देणारी. ज्याच्या विहिरीचें पाणी मार्गशीर्षांत आटतें, त्यानें वीस लिटरच्या गाईचा मोह धरूं नये. आणि जनावर घेतांना स्वतः जाऊन दोन वेळच्या धारा आपल्या डोळ्यांदेखत काढवून घ्याव्या, चारही सड पाहावे, वेत व गाभणपण पशुवैद्याकडून तपासून घ्यावें. "पाण्यांत म्हैस, वर मोल" ही म्हण आपल्या पूर्वजांनीं ठेंच खाऊनच केली असली पाहिजे. आतां पडद्यावर गाय पाहून पैसे पाठविणारे लोक निघाले आहेत!

आतां विद्यार्थ्यांनीं पेन्सिल घ्यावी. उदाहरणादाखल एक हिशेब मांडूं. आंकडे समजुतीपुरते आहेत, तुम्हीं आपल्या गांवचे घालावे. समजा, 80,000 रुपये कर्ज काढून एक गाय घेतली. ती सरासरीनें रोज 10 लिटर याप्रमाणें 300 दिवस दूध देते, आणि दर लिटरला 30 रुपये मिळतात. एकूण उत्पन्न 90,000 रुपये. दुभत्या दिवसांतील खाद्याचा खर्च रोजचा 180 रुपये धरल्यास 54,000 रुपये. त्यानंतर पुढील वेतापर्यंत ती 100 दिवस भाकड राहिली, त्या दिवसांचा खर्च रोज 100 रुपयांप्रमाणें 10,000 रुपये. बाकी राहिले 26,000. कर्जाचें व्याज शेंकडा 12 दरानें 400 दिवसांचें सुमारें 10,500. उरले 15,500, म्हणजे दिवसास 40 रुपयांहूनही कमी. यांतूनच औषधपाणी, विमा, वीज आणि घरच्या माणसांची मजुरी भागवावयाची. आतां समजा, गाय वेळेवर गाभण राहिली नाहीं व भाकड काळ आणखी 100 दिवसांनीं लांबला. त्या दिवसांचें खाद्य 10,000 आणि व्याज सुमारें 2,600. उरले अवघे 2,900! दुधाचा भाव जशाचा तसा, गाय तीच, दूधही तेवढेंच. केवळ तीन महिन्यांच्या दुर्लक्षानें नफा नाहींसा झाला.

या गणितांतून तीन गोष्टी निघतात. पहिली, धंद्याचा प्राण दुधाच्या मापापेक्षां दोन वेतांमधील अंतरांत आहे. गाय साधारण 280 दिवस गाभण असते. व्याल्यानंतर दोन-तीन महिन्यांत ती पुन्हां फळली तर अकरा-बारा महिन्यांनीं वेत मिळतें. यासाठीं माजाची तारीख, रेतनाची तारीख, वळूची जात, गाभणपणाची तपासणी हें सर्व वहींत लिहिलें पाहिजे. दुसरी, चारा घरचा असला तरच हा हिशेब सुधारतो. तिसरी, दहा गाई घेतल्यास नफा दसपट होतो तशी चूकही दसपट होते. म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, ज्यास अनुभव नाहीं त्यानें दोन गाईंपासून, आणि त्याही एकाच वेळीं न व्यालेल्या, आरंभ करावा; एक आटेल तेव्हां दुसरी दूध देईल. पुढें गोठा वाढवावयाचा तो मुख्यतः घरच्या कालवडींनीं. वासराला जन्मल्याबरोबर, तासा-दोन तासांत, चीक पाजावा. खरवसाचा मोह धरून वासराचा चीक तोडणारा घरीं आलेली लक्ष्मी स्वतःच दाराबाहेर घालवितो.

गोऱ्ह्यांचें काय, हा प्रश्न टाळण्यासारखा नाहीं. यांत्रिक नांगर आल्यापासून बैलांस मागणी कमी झाली. आणि महाराष्ट्रांत 2015 पासून वळू व बैल यांच्या कत्तलीसही कायद्यानें बंदी आहे. तेव्हां प्रत्येक गोऱ्ह्याच्या व म्हाताऱ्या गाईच्या पोटाचा विचार व्यवसायाच्या आरंभींच करावा लागतो. कालवडीच होण्याचा संभव वाढविणारें रेतन आतां उपलब्ध आहे, पण तें जपून व पशुवैद्याच्या सल्ल्यानें वापरावें. जनावर उपयोगाचें आहे तोंवर ओरपावें आणि मग रात्रीं दावें सोडून रस्त्यावर हांकलावें, ही रीत आम्हांस मुळींच मान्य नाहीं. ज्यानें दूध घेतलें त्यानें ओझेंही घ्यावें.

रोगराईविषयीं एवढेंच सांगतों कीं, उपचारापेक्षां लस स्वस्त. लाळ-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी ठरल्या वेळीं टोंचाव्या. 2022 सालीं लंपी रोगाची सांथ आली, तेव्हां आमच्या किती विद्यार्थ्यांचीं घरें हवालदिल झालीं हें आम्हीं पाहिलें आहे. धार काढण्यापूर्वीं कास व हात धुणें, धारेनंतर सड जंतुनाशकांत बुडविणें आणि गाईस थोडा वेळ उभी ठेवणें या साध्या कृतींनीं कासेचा दाह पुष्कळ टळतो. आणि आजारी गाईस औषध दिलें असेल तर वैद्य सांगेल तितके दिवस तिचें दूध डेअरीस घालूं नये. त्या दुधाचा पेला कोणा तरी आजारी मुलाच्या हातांत जावयाचा असतो. दुधांत पाणी घालणें हें पाप आहे असें आम्ही वर्गांत शिकवितों. औषधी दूध विकणें हें त्याहून लहान पाप नव्हे.

आमचे दोन माजी विद्यार्थी आम्हांस नेहमीं आठवतात. एक हुशार, पहिल्या पांचांत येणारा. त्याच्या वडिलांनीं जमीन गहाण ठेवून एकदम दहा गाई आणिल्या. चारा विकतचा, गडी पगारी, आणि मुलगा शहरांत परीक्षांच्या तयारींत गुंतलेला. 2020 च्या टाळेबंदींत दुधाचे भाव कोसळले, हप्ते थकले, दोन वर्षांत गोठा रिकामा झाला. कर्ज मात्र राहिलें. दुसरा आमच्या वसतिगृहांतील एक अबोल मुलगा. त्यालाच आम्हीं एकदां भर वर्गांत तें वाक्य ऐकविलें होतें. तो मान खालीं घालून उभा राहिला. कांहीं बोलला नाहीं. दहावीस तो दुसऱ्या प्रयत्नांत उतरला. गेल्या वर्षीं त्याच्या गांवीं जाण्याचा योग आला. दोन गाईंपासून आरंभ करून त्याच्या गोठ्यांत आतां सात आहेत, आणि त्यांतील पांच त्याच्या घरींच जन्मलेल्या. त्यानें आम्हांस आपली वही दाखविली. प्रत्येक गाईचें नांव, कानांतील बिल्ल्याचा बारा आंकडी क्रमांक, दूध, स्निग्धांश, माज, रेतन, लस, खर्च, सर्व सुवाच्य अक्षरांत आखलेलें. आम्हीं म्हटलें, "शाळेंत असतांना तुझी एकही वही अशी नव्हती!" तो हंसून म्हणाला, "सर, तेव्हां ती तुमच्यासाठीं लिहीत होतों." त्याच्या आईनें आमच्यापुढें दुधाचा पेला ठेविला. डेअरीचा हिशेब तिच्या नांवानें बँकेंत जमा होतो, असें तो अभिमानानें म्हणाला. तें वाक्य त्याच्या स्मरणांत होतें कीं नाहीं, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

त्या पेल्यावरून एक विचार मनांत आला. गोठ्यांतील शेण काढणें, वैरण टाकणें, वासरें सांभाळणें, हें बहुतेक काम घरोघरीं आई, बहीण किंवा सून करिते. पैसे मात्र पुरुष आणितो व पुरुषच खर्च करितो. ज्या घरीं गाय घ्यावयाची असेल, तेथें त्या माउलीस प्रथम विचारावें, आणि दुधाच्या पैशांत तिचा हात असावा. मुलींसही सांगावेंसें वाटतें कीं, पशुवैद्यक ही विद्या तुमचीही आहे. मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 सालापासून चालू आहे, आणि आज अशा विद्यालयांतून मुली मोठ्या संख्येनें शिकत आहेत. गांवोगांव चांगल्या पशुवैद्यांची वाण आहे. विज्ञानाची आवड असणाऱ्या मुलीनें या वाटेचा विचार अवश्य करावा.

सारांश, पालकांस आमची विनंति अशी : मुलगा नापास झाला म्हणून त्याला गाई घेऊन देऊं नका, आणि तो हुशार आहे म्हणून गाईंपासून तोडूंही नका. त्याला सुटींत सहा महिन्यांचा गोठ्याचा हिशेब ठेवावयास सांगा; त्यांत तो रमला तर दोन गाई घ्या, न रमला तर पैसे व गाय दोन्ही वांचतील. विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, शेंकडेवारी, व्याज, सरासरी, जीवशास्त्रांतील पचनसंस्था, रसायनांतील आम्ल व अल्कली, हें सर्व तुमच्या घरच्या गोठ्यांत रोज सकाळीं उभें असतें. तें ओळखण्यापुरतें तरी शिका.

राहिला प्रश्न आमचा, शिक्षकांचा. तें जुनें वाक्य आम्हीं आमच्यापुरतें सोडून दिलें आहे. यापुढें एखाद्याचें गणित चुकलें, तर त्यास आम्ही एवढेंच म्हणूं : "बाळ, नीट लक्ष दे, नाहीं तर तुला गुरें राखतां यावयाचीं नाहींत."